छाट

डाव्या हाताने काही उचलायचं नाही,
दोन वर्षं हेच ऐकत आले.
घागर नाही, नातू नाही, पिठाचा डबा नाही.
सुईसुद्धा टोचू द्यायची नाही त्याला.
बीपीचा पट्टा उजव्याला, बांगड्या उजव्यात.
डावा आपला मांडीवर,
पाहुण्यासारखा.

आणि आता ही सुमैया,
माझ्या नातीहून चार वर्षांनी मोठी असेल,
अशोक चौकापलीकडच्या दवाखान्याच्या गच्चीवर
पत्र्याच्या शेडखाली उभी राहून म्हणते,
आजी, उचला.

काय उचलू?
मिठाची पिशवी. एक किलोची.

आम्ही सातजणी.
गुरुबाई हत्तुरे, ब्लाउजात एका बाजूला रुमालाची घडी,
हमीदा बागवान, केस अजून यायचेत म्हणून ओढणी घट्ट,
कोर्टीकर मास्तरीण,
श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा
हे वहीत लिहून घेणारी.
मी नरसव्वा येमूल.
चाळीस वर्षं बिड्या वळल्या,
रोजच्या हजार.

पहिल्या दिवशी पिशवी खांद्यापर्यंत गेली
आणि काखेत काहीतरी तटतटलं.
सुमैयाने बोट ठेवून दाखवलं,
ही बघा दोरी. हळूहळू सैल होते.
माझा नवरा मागावर होता.
ताणा कधी तुटतो
ते मला आवाजावरून कळतं.
मी कान देऊन थांबले.
आवाज आला नाही.

ती म्हणते, दहा वेळा.
मला दहावर थांबता येत नाही.
माझा हात पंचवीसला थांबतो,
पंचवीसची जुडी, दोरा, गाठ.
साठीनंतर दहापर्यंत मोजायला शिकले
ते असं.

कंपनीत चेकर सुपात हात घालायचा,
एक बिडी दोन बोटांत दाबायचा
आणि ओंजळभर बाजूला भिरकावायचा.
छाट.
पान कंपनीचं, हात माझा,
कारण विचारायचं नाही.
रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर बराच वेळ बोलत होते.
मला तेवढा एकच शब्द ऐकू आला,
जो ते बोललेच नव्हते.

इथे सोमवारी टेप लावतात.
मनगट, कोपर, दंड.
सुजला तर एक पायरी खाली,
नाही सुजला तर पाव किलो वर.
सुमैया आकडा लिहिते
आणि टेप गुंडाळून ठेवते. बस्स.

तिसऱ्या आठवड्यात हमीदा आली नाही.
पाचव्यात आली, हातावर कातडीच्या रंगाची बाही चढवून.
सुजला होता, म्हणाली, लई घाबरले.
तिला पुन्हा अर्ध्या किलोपासून.
ती रुसली, मिठाकडे पाठ करून बसली.
मग गुरुबाईने पिशवीतून
कडक भाकरी काढली, शेंगाचटणी काढली,
भाकरी हमीदाच्या हातात देऊन म्हणाली,
मोड बघू, डाव्याने.
कट्‌ असा आवाज झाला
आणि खाली रस्त्यावरचा रिक्षावाला वर बघायला लागला
इतक्या आम्ही हसलो.

मे महिना. गच्ची सकाळी सातलाच तापते.
खुर्चीवरून उठायचं, हात न टेकता. बसायचं. उठायचं.
उठताना तोंडातून कण्हणं निघतं,
पण हे बिड्यांची टोपली डोक्यावर घेतानाचं आहे,
वॉर्डातलं नाही.

काल घरी कोणी नव्हतं.
बादलीत चादर भिजत पडलेली,
आमच्याच मागावरची, मोराची,
मोराचा रंग गेलाय, वजन गेलेलं नाही.
ओली चादर किती किलो
हे सुमैयाला विचारायला हवं होतं.
एक टोक नळाला अडकवलं,
दुसरं दोन्ही हातांत धरून पीळ दिला,
मास्तरीणबाईंच्या वहीतल्यासारखा श्वास सोडला.
पाणी मोरीत गेलं.
डाव्याने दोरीवर टाकली.
एक कोपरा जमिनीला लागून मळला.
असू दे म्हटलं.

रात्री हात ठणकला.
सुनेचा शिवणाचा टेप काढून
दिवा न लावता दंड मोजला,
बोटाने आकडा चाचपत.
सोमवारी सांगेन तिला.
बघू.